शेवटच्या तारखेचा सर्व्हर: सरकारी योजना आणि संस्थांच्या कामासाठी भार पेलणारी यंत्रणा

कोरडवाहू

गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेची बैठक झाली. शिष्यवृत्तीचे अर्ज आतापर्यंत तीन तालुक्यांतून घेत होतो, पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यातून घ्यायचे ठरले. लगेच पहिला प्रश्न आला, "मग मोठा सर्व्हर घ्यावा लागेल ना?" बारा वर्षं मी संस्थांची तांत्रिक कामं बघतेय. हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि त्यावर खर्च झालेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो. माझं म्हणणं सविस्तर मांडते, तुमचे अनुभव सांगा.

आधी आकडे बघू. समजा एका योजनेला २ लाख अर्ज येणार आहेत आणि मुदत ३० दिवसांची आहे. सरासरी निघते दिवसाला साधारण ६,७००. कामाचे ८ तास धरले तर सेकंदाला पाव अर्जसुद्धा येत नाही. पण सरासरी बघून अर्ज कोण भरतं? उत्पन्नाचा दाखला उशिरा हातात पडतो, मजुरीचा खाडा करून तालुक्याला जायला दिवस सापडत नाही, मुदत वाढणार अशी बातमी फिरत असते. म्हणून समजा निम्मे अर्ज शेवटच्या दोन दिवसांत आले. दिवसाला ५०,०००, म्हणजे सेकंदाला पावणेदोन अर्ज. हाही आकडा लहानच आहे. नीट लिहिलेली प्रणाली असेल तर एक साधं यंत्र एवढं काम सहज उरकतं.

तरी साइट बसते, कारण भार अर्जाचा नसतो, फोटोंचा असतो. आजच्या फोनने काढलेला एक फोटो ४ एमबीचा धरा. पाच कागद जोडायचे, म्हणजे २० एमबी. पाड्यावर २५६ केबीपीएसचा वेग मिळत असेल तर एवढं चढवायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ सर्व्हरची एक जोडणी त्या माणसासाठी अडकून राहते. सेकंदाला पावणेदोन नवे लोक येतात आणि प्रत्येक जण दहा मिनिटं आत थांबतो, म्हणजे एका वेळी हजाराच्या वर लोक आत. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जोडण्यांची मर्यादा मुळात १०० असते. फोटो चढेपर्यंत डेटाबेसची जोडणी धरून ठेवणारे प्रोग्राम मी स्वतः पाहिले आहेत. अशा ठिकाणी एकशेएकाव्या माणसाला पांढरा पडदा दिसतो.

आता तेच फोटो फोनवरच दाबून प्रत्येकी २०० केबीचे करा. अर्ज १ एमबीचा झाला, अर्ध्या मिनिटात चढला, एका वेळी आत असलेले लोक पन्नास-पंचावन्न. यंत्र तेच, नेटवर्क तेच. जावास्क्रिप्टच्या चार ओळी आणि कागद वाचता येतो ना हे बघायला एक दिवस, एवढीच किंमत.

खाजगी दुकानाची जाहिरात अचानक गाजते, त्यांना गर्दीचा अंदाज नसतो. आपल्या कामात गर्दीची तारीख शासन निर्णयात छापलेली असते. पीक विम्याची शेवटची तारीख, दहावीच्या निकालाची वेळ, अकरावी प्रवेशाचा पहिला दिवस. ज्या गर्दीचा दिवस आधीच माहीत आहे तिच्यापुढे यंत्रणा बसली, तर त्याला तयारी कमी पडली असंच म्हणावं लागेल.

---

गिरणाकाठ

ताई, मी सेवा केंद्र चालवतो, आठ वर्षं झाली. खिडकीच्या अलीकडून काय दिसतं ते सांगतो.

शेवटच्या दिवशी सकाळी सहाला लोक दारात बसलेले असतात. बाया लेकरं घेऊन येतात. अर्ज भरायला पंधरा मिनिटं लागतात, शेवटचं बटण दाबलं की चक्र फिरत बसतं, मग "सत्र संपले" असं येतं आणि सगळं पुसून जातं. परत पहिल्यापासून. एका बाईचा अर्ज मी एका रात्रीत सहा वेळा भरला आहे. आम्ही सगळे केंद्रवाले मग रात्री दोनला उठून भरतो, कारण तेव्हा साइट चालते. लोकांचे कागद घरी घेऊन जावे लागतात. ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, म्हणून रात्री दोनला फोन करून त्यांनाही उठवावं लागतं.

बटण दाबून काही झालं नाही की माणूस परत दाबतो. मीही दाबतो. समोर वीस माणसं उभी असताना हात थांबत नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. अर्धा भरलेला अर्ज राहिला पाहिजे, आणि बटण दाबल्यावर काहीतरी पोच मिळाली पाहिजे. पुढचं काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल.

---

डेटाबेसवाला

गिरणाकाठ, तुम्ही जे मागताय त्यावर आमच्या धंद्यातलं अर्धं शास्त्र उभं आहे.

पोच आधी, काम नंतर. अर्ज आला की फक्त तो जसाच्या तसा सुरक्षित लिहून ठेवायचा आणि पावती क्रमांक द्यायचा. आधारची पडताळणी, बँक खात्याची तपासणी, पीडीएफ बनवणं, संदेश पाठवणं ही कामं मागच्या रांगेत टाकायची. रांग लांबली तर पीडीएफ संध्याकाळी मिळेल, पण माणूस घरी गेलेला असेल. अडचण होते ती ही सगळी कामं त्या एका बटणामागे बांधल्यामुळे. मग बाहेरची एक सेवा मंदावली की आपली साइट बंद. दोष दुसरीकडचा, शिव्या आपल्याला.

दुसरं, परत परत दाबण्यावर उपाय आहे. अर्ज उघडतानाच त्याला एक अनन्य क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक घेऊन सहा विनंत्या आल्या तर पहिली नोंदवायची आणि उरलेल्या पाचांना तीच पावती परत द्यायची. यामुळे दुबार अर्जांची छाननीही वाचते, त्यात कार्यालयाचे आठवडे जातात.

तिसरं, जे सगळ्यांना सारखंच दिसतं ते डेटाबेसमधून काढूच नये. योजनेची माहिती, याद्या, निकाल हे सगळं आधीच तयार करून साध्या फाइल म्हणून ठेवायचं. विकिपीडियाचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. तिला चालवणारी संस्था ना-नफा आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर सगळं चालतं, आणि तरी जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांत ती आहे. हे जमतं, कारण लॉगइन न केलेल्या वाचकाला बहुतेक वेळा तयार प्रतच मिळते, मूळ सर्व्हरपर्यंत विनंती जातच नाही. आशियातल्या वाचकांसाठी सिंगापूरला अशा तयार प्रतींचं केंद्र आहे.

त्यांनाही फटका बसलेला आहे. २५ जून २००९ ला मायकेल जॅक्सन वारला. लाखो लोक एकच लेख उघडत होते आणि त्याच वेळी संपादक तो लेख सतत बदलत होते. प्रत्येक बदलाला तयार प्रत रद्द व्हायची आणि सगळे सर्व्हर एकाच वेळी तोच लेख नव्याने बनवायला धावायचे. नंतर त्यांनी नियम घातला, एकानेच बनवायचा, बाकीच्यांनी थांबायचं किंवा जुनी प्रत द्यायची. निकालाच्या दिवशी आपल्याकडे नेमकं हेच होतं. दोन मिनिटं जुनी यादी दिसली तर कोणाचं काही बिघडत नाही.

---

मावळतीचा_रंग

हे सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रांवर, टाकलं की सुटतं ना? भार वाढला की यंत्रं आपोआप वाढतात. २०२६ मध्येही आपण जोडण्या मोजत बसायचं का?

---

डेटाबेसवाला

@मावळतीचा_रंग, प्रश्न रास्त आहे, आणि क्लाउडला माझा विरोध नाही. पण तीन गोष्टी बघा.

नवीन यंत्र उभं राहून कामाला लागायला काही मिनिटं जातात. २८ एप्रिल २०२१ आठवा. दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरच्यांची कोविड लसीची नोंदणी उघडली. चार वाजून एक मिनिटाला सारा देश दारात होता, पहिला काही वेळ गडबड झाली, आणि तरी त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. अशा वेळी आपोआप वाढण्याची वाट बघत बसता येत नाही. वेळ ठाऊक असेल तर यंत्रं साडेतीनलाच चालू करून ठेवायची.

दुसरी गोष्ट, वरची यंत्रं दहाची शंभर होतात, पण सगळी एकाच डेटाबेसचं दार ठोठावतात. तो तसाच राहतो. मध्ये जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सरसारखा थर नसेल तर यंत्रं वाढवल्याने डेटाबेस आणखी लवकर गुदमरतो. हा अनुभव घेतलेले इथे बरेच असतील.

तिसरी म्हणजे चाचणी. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. एका वेळी ५०-६० हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. फक्त सहा. तिथे पैशांची किंवा यंत्रांची ददात नव्हती. खरी गर्दी अंगावर घेऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास कोणी पुरेसा तपासला नव्हता.

---

उंबरठा

संदेशांच्या खर्चाबद्दल एक मुद्दा, कारण अंदाजपत्रकात तो हमखास चुकतो. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत तीच मर्यादा ७०. लांबला तर प्रत्येक तुकडा ६७ अक्षरांचा, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. "आपला अर्ज स्वीकारला आहे" पासून सुरू झालेला सभ्य मराठी संदेश तीन तुकड्यांत जातो आणि तिप्पट पैसे लागतात. म्हणून संस्था नाइलाजाने इंग्रजीत पाठवतात, आणि तो ज्या आजीला जातो तिला वाचता येत नाही. मराठी संदेश मुळातच ७० अक्षरांत लिहायला शिकलं पाहिजे. "अर्ज मिळाला. क्र. ४५१२७. पुढील माहिती १० जूनला." एवढं पुरतं.

---

फळा_खडू

मी शिक्षिका आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण एक सांगावंसं वाटतं. बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोड असतो, तो दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतो. आमच्या शाळेत रेंज नाही. मी संध्याकाळी घरी व्हिडिओ उतरवून घेते आणि सकाळी वर्गात दाखवते. ॲपमध्ये ती सोय नसती तर आमच्या पोरांसाठी तो कोड म्हणजे नुसती चौकट राहिली असती. तुम्ही सगळे सर्व्हरबद्दल बोलताय, तर नेट नसलेल्या माणसाचाही विचार करा.

---

कोरडवाहू

बाई, तुमचा मुद्दा तांत्रिकच आहे, आणि तो मी वर लिहायला हवा होता. जो माणूस आदल्या संध्याकाळी माहिती उतरवून घेतो तो सकाळच्या गर्दीत नसतो. नेट नसलेल्यांची सोय केली की सर्व्हरचा भारही विभागला जातो.

दीक्षा २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झालं आणि ते ज्या सनबर्ड नावाच्या पायावर उभं आहे तो मुक्त स्रोत आहे, कोणीही घेऊन वापरावा. आम्ही सर्वेक्षणासाठी ओडीके वापरतो. तेही मुक्त स्रोत. कार्यकर्ती फोनवर अर्ज भरते, जागेवर रेंज नसली तरी तो फोनमध्ये साठतो, आणि ती बाजाराच्या दिवशी तालुक्याला आली की आपोआप वर जातो. आमच्या चाळीस कार्यकर्त्यांचं काम एका लहानशा भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. सगळ्या वेगवेगळ्या वेळी येतात, गर्दी होतच नाही.

राज्याच्या पातळीवर ई-पीक पाहणीकडे बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. ज्या जागी उभं राहून काम करायचं तीच जागा रेंजच्या बाहेर असू शकते, हे अशा कामात पहिल्या दिवसापासून धरूनच चालावं लागतं.

---

फ्योर्डकाठी

नमस्कार, मी ओस्लोत असतो, मूळचा सातारचा. इथल्या विद्यापीठातून डीएचआयएस२ ही आरोग्य माहितीची मुक्त प्रणाली चालवली जाते, आज ती अनेक देशांची आरोग्य मंत्रालयं वापरतात. तिचं पहिलं प्रत्यक्ष काम २००६ मध्ये केरळात झालं, हे इथल्या लोकांकडून ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. उपकेंद्रातली परिचारिका दर महिन्याच्या सुरुवातीला आकडे भरते, म्हणजे इथेही गर्दीची तारीख ठरलेलीच. जड तक्ते रात्रीच तयार करून ठेवतात, सकाळी जिल्हा अधिकारी तो तयार तक्ता बघतो. डेटाबेसवाला म्हणतात तेच तत्त्व.

मला दोन मुद्दे जोडायचे आहेत.

लसीकरणाच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड आठवतो? त्यासाठी डिव्होक नावाची मुक्त प्रणाली वापरली होती. त्या कोडच्या आतच सगळी माहिती आणि डिजिटल सही होती. विमानतळावर तपासणाऱ्याकडे फक्त सार्वजनिक किल्ली, म्हणजे सही तपासायची सर्वांना खुली असलेली किल्ली, हवी, मग खरं-खोटं जागेवरच ठरतं. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशात १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या. प्रत्येक प्रमाणपत्र तपासताना मूळ सर्व्हरला विचारायचं असतं तर केवढा भार झाला असता! शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आपल्या संस्थांना हे सगळं असं करता येईल.

दुसरा मुद्दा कटू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रं ज्या सामायिक साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला आणि त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून प्रत ठेवली नाही, असं कारण दिलं गेलं. इतका पुढारलेला देश, आणि हे झालं. म्हणून विचारतो, तुमच्यापैकी कोणी बॅकअप परत उघडून पाहिला आहे?

---

डेटाबेसवाला

आम्ही दर तीन महिन्यांनी कोऱ्या यंत्रावर उतरवून बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा फोटोंचा फोल्डर बॅकअपमध्ये नव्हताच. चौदा महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

---

जमाखर्च

मी तीन संस्थांचे हिशेब बघतो. या धाग्यात पैशांवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

देणगीदाराला नवं ॲप आवडतं. उद्घाटन होतं, फोटो निघतात, अहवालात पान लागतं. चौथ्या वर्षी सर्व्हरचं भाडं, सुरक्षेच्या दुरुस्त्या, डोमेनचं नूतनीकरण यांना पैसे मागायला गेलं की उत्तर येतं, "हा प्रकल्प संपला." सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला, पैसा बहुधा वर्षाच्या हिशेबाने येतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून संस्था कार्यालयीन खर्चाचा प्रत्येक रुपया जपून लावतात. मग पहिली कात्री लागते ती ज्याचा फोटो निघत नाही त्याला, म्हणजे देखभालीला.

आमच्या एका संस्थेची साइट एके दिवशी गेली. डोमेन बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर होतं, त्याचा फोन बदललेला. नऊ वर्षांचं काम, लाभार्थ्यांना तोंडपाठ असलेला पत्ता, सगळं हातातून गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक करार वाचताना पाहतो: डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, प्रोग्रामचा स्रोत संस्थेकडे येतो का, आणि दुसऱ्या कोणाला तो उभा करता येईल इतकं लिहून दिलं आहे का. हे नसेल तर मी सही करू देत नाही, काम लांबलं तरी.

माझी विनंती आहे की प्रस्ताव लिहितानाच पाच वर्षांचं भाडं आणि निदान अर्ध्या माणसाचा पगार त्यात धरा. तेवढं मिळणार नसेल तर प्रणाली लहान करा. कागदाची नोंदवहीसुद्धा बंद पडलेल्या ॲपपेक्षा बरी.

---

कोरडवाहू

जमाखर्च, शेवटचं वाक्य मी आमच्या विश्वस्तांना वाचून दाखवणार आहे.

मुक्त स्रोताचा खरा फायदाही इथेच आहे. फुकट मिळतं म्हणून लोक घेतात, पण चालवायला माणूस लागतोच. फायदा हा, की कंत्राटदार गेला तरी प्रणाली आपल्यापाशी राहते आणि ती चालवता येणारा दुसरा कोणीतरी सापडतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जनस्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे. त्यांच्यासाठी बनलेली बाह्मनी ही रुग्णालयाची प्रणाली पुढे दुसऱ्या अनेक देशांतल्या दवाखान्यांत गेली. गरजा एका ग्रामीण रुग्णालयाच्या होत्या: कमी कर्मचारी, मोठी गर्दी, बेभरवशाचं नेट. रुग्णालयातच ठेवलेल्या सर्व्हरवर ती चालते, बाहेरची तार तुटली म्हणून ओपीडी थांबत नाही.

आता आमच्या अर्जांचं. तुम्हा सगळ्यांचं वाचून आराखडा बदलला. मोठं यंत्र घेणार नाही. फोटो फोनवरच दाबणार, अर्ज फोनमध्ये साठत राहणार, बटण दाबताच पावती, छाननी मागाहून. सत्तर अक्षरांचे संदेश मी आणि बाईंसारख्या दोन शिक्षिका बसून लिहिणार. आणि एक प्रशासकीय उपाय, ज्याला संगणकच लागत नाही: तालुक्यागणिक शेवटची तारीख वेगळी ठेवणार. अकरा तालुके, अकरा तारखा. डोंगराळ तालुक्यांना सर्वांत उशिराची. तीन विश्वस्तांना हे गोंधळाचं वाटतं, पण मी पटवीन.

---

गिरणाकाठ

ताई, तारखा वेगळ्या ठेवल्या तर प्रत्येक केंद्रात मोठ्या अक्षरात तक्ता लावायला द्या, नाहीतर लोक शेजारच्या तालुक्याची तारीख धरून बसतील.

आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. माझ्याकडे या. गिऱ्हाइकं जे फोन घेऊन येतात तसे तीन जुने फोन माझ्याकडे पडलेत, एकाची काच फुटलेली आहे. मंगळवारी आठवडी बाजार असतो, दुपारी बारा ते दोन इथलं नेट सगळ्यात खराब. त्याच वेळी भरून बघू.

---

कोरडवाहू

दादा, येत्या मंगळवारी येते. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलालाही घेऊन येते, त्याने अजून सेवा केंद्राची रांग पाहिलेली नाही.